टनाचा भाव आणि चुलीचा हिशेब

धुराला किंमत लावली म्हणजे धूर कमी होईल, हा बाजाराच्या मार्गाने हवामान सावरू पाहणाऱ्यांचा मूळ विचार होय. १९९७ च्या क्योटो कराराने त्यास आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. एका ठिकाणच्या कारखान्याने धूर सोडावा आणि भरपाई म्हणून दुसऱ्या ठिकाणी वाचलेला धूर विकत घ्यावा, असा हा व्यवहार आहे. एक टन कार्बन डायऑक्साइड वाचला, की एक कार्बन क्रेडिट जमा होते.

या व्यवहारात खेड्यातील चूलही आली. घरोघर सुधारलेली चूल द्यावयाची, तीमुळे जेवढे लाकूड कमी जळेल तेवढ्याचे क्रेडिट विकावयाचे. येथे स्त्रीवादी विचारवंत विचारतात : ही बचत केली कोणी? नवी चूल रोज पेटविली ती घरातल्या बाईने. क्रेडिट मात्र बहुधा प्रकल्प चालविणाऱ्याच्या नावे पडते. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वॉरिंग यांनी १९८८ मध्येच दाखवून दिले होते, की राष्ट्रीय उत्पन्न मोजताना बाईचे घरकाम आणि निसर्गाचे देणे ही दोन्ही हिशेबाबाहेर राहतात.

मग तिला पैशाचा वाटा दिला म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. वाटा द्यावाच, परंतु तेवढ्याने भागत नाही असे आम्हांस वाटते. कारण बाईला न विचारता केलेला हिशेब मुळात चुकतो. नव्या चुलीवर चहा आणि जुनीवर भाकरी, हे चुलीपाशी बसणारीला ठाऊक असते. कागदावर मात्र जुनी चूल विझलेली असते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातील संशोधकांना असे आढळले, की तपासलेल्या चूल-प्रकल्पांनी खऱ्या बचतीच्या सुमारे ९ पट क्रेडिट घेतली होती. नव्या चुलीचा वापर फुगवून धरणे आणि जुनीचा कमी धरणे ही त्याची काही कारणे. अशा क्रेडिटच्या आधारे कारखान्याने सोडलेला धूर मात्र खराच असतो.

याचा अर्थ बाई जन्मतःच निसर्गाची रक्षक असते, असा नव्हे. बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये या समजुतीवर आक्षेप घेतला. सरपण बाई आणते आणि जमीन बहुधा पुरुषाच्या नावावर असते. निसर्गाशी तिचे नाते या श्रमविभागणीतून आणि मालकीतून घडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पुढे गुजरात व नेपाळमधील वनसमित्या अभ्यासून त्यांनी दाखविले, की कार्यकारी मंडळात बायका अधिक असल्या तर वनाची स्थितीही अधिक सुधारते.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे : विक्रीच्या पैशात बाईचा वाटा असावा, आणि टन मोजावयाला बसणाऱ्यांत तिची जागा असावी.