माधानचे प्रज्ञाचक्षू आणि स्मरणाचं शास्त्र

अमरावती जिल्ह्यातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. १८८१चा जन्म, १९१५ साली देहावसान. उण्यापुऱ्या चौतीस वर्षांत त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. दुसऱ्याने वाचायचं, महाराजांनी ऐकायचं. मग महाराजांनी सांगायचं आणि लेखनिकाने उतरवून घ्यायचं. वेदान्तापासून डार्विन-स्पेन्सरपर्यंतचं सगळं कानावाटे आत गेलं. वऱ्हाडात हे चमत्कार म्हणून सांगतात. मला त्यातली शिकण्याची रीत अधिक मोलाची वाटते.

जन्मांध माणसाच्या मेंदूचा मागचा भाग, एरवी दृष्टीचं काम करणारा, रिकामा बसत नाही. २००३ साली अमीर अमेदी आणि सहकाऱ्यांनी जन्मांध लोकांना शब्द आठवायला सांगून मेंदूचं चित्रण केलं. आठवताना तोच भाग कामाला लागलेला दिसला. ज्यांची शब्दस्मृती सरस, त्यांच्यात तो अधिक सक्रिय होता. पुढे चुंबकीय स्पंदनांनी त्या भागात क्षणभर व्यत्यय आणला, तेव्हा शब्द सुचण्यात चुका वाढल्या. म्हणजे ती जागा खरोखरच भाषेच्या कामी आलेली होती.

डोळस माणसाचा मेंदूही सरावाने बदलतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात लहानपणापासून वेद मुखोद्गत केलेल्या २१ पंडितांची तपासणी झाली. मेंदूच्या अनेक भागांत, त्यांत उजव्या हिप्पोकॅम्पसमध्ये, त्यांच्यात इतरांपेक्षा करडा भाग जास्त आढळला. नव्या आठवणी घडवण्यात याच हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो. तिथल्या पेशींना पुन्हापुन्हा चेतवलं की त्यांच्यामधले जोड बळकट होतात आणि बराच काळ तसेच राहतात, हे ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ साली सशांवर दाखवलं.

महाराजांनी ऐकलेलं पुन्हा स्वतःच्या तोंडून सांगितलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अकोल्यात नीटच्या शिकवण्यांना येणारी मुलं एकच पान रंगीत पेनने रंगवत चारचारदा वाचतात, आणि आपल्याला आलं असं समजतात. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली याचीच परीक्षा घेतली. उतारा दुसऱ्यांदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं: ८१ टक्के, तर न बघता लिहून काढणाऱ्यांना ७५. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणारे ४२ टक्क्यांवर घसरले, लिहून काढणाऱ्यांकडे ५६ टक्के उरलं होतं. पुस्तक मिटून आजीला किंवा धाकट्या भावाला धडा सांगायला एक पैसाही लागत नाही, आणि कुठे अडलं तेही लगेच कळतं.