रक्तातील खानेसुमारी

दारोदार हिंडून माणसे मोजणारे खानेसुमारीचे कारकून हैदराबादकरांनी निजामी अमदानीपासून पाहिले आहेत. पण 2021 च्या आरंभी दारात उभ्या राहिलेल्या पथकाला शिरगणतीत गम्य नव्हते, त्याला कोपराच्या आतल्या शिरेतले थोडे रक्त हवे होते. पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राचे संशोधन करणारी सीसीएमबी, राष्ट्रीय पोषण संस्था आणि लस बनवणारी भारत बायोटेक यांनी मिळून शहरातील 30 वॉर्डांतल्या, दहा वर्षांवरील सुमारे 9000 रहिवाशांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे शोधण्याचे काम अंगावर घेतले होते.

शेजारच्या काकूंनी बाही सावरण्यापूर्वीच जबानी दिली, "मला तर साधी शिंकसुद्धा आली नाही हो!" पथकातील मुलीने ती मुकाट्याने नोंदवली, दंडाला पट्टा आवळला आणि भरलेल्या नळीवर चिठ्ठी डकवली, काकूंचा क्रमांक झाला.

अशी परीक्षा कशी होते, ते पुढे मी एका प्रयोगशाळेत पाहिले. रक्त गोठल्यावर नळी यंत्रात गरगर फिरवली की तांबडा गोळा तळाशी बसतो आणि वर पिवळसर रक्तजल उरते. विषाणूचे प्रथिन तळाला आधीच चिकटवलेल्या, 96 इवल्या खळग्यांच्या तबकडीत ते सोडले म्हणजे त्या प्रथिनाची ओळख असलेली प्रतिपिंडे तेथे घट्ट बसतात, आणि बाकीचे सारे धुण्यात वाहून जाते. मग विकर जोडलेली दुसरी प्रतिपिंडे, पुन्हा धुणे, आणि अखेर एक रंगहीन द्रव, जो काही खळग्यांत हळूहळू निळा होतो, आम्ल पडताच पिवळा पडतो, आणि इतरांत पाण्यासारखाच राहतो. सारी मदार धुण्याच्या शिस्तीवर. अर्धवट धुतलेला खळगा बेलाशक खोटी साक्ष देतो.

मार्चमध्ये आकडे आले. 54 टक्के लोकांत प्रतिपिंडे होती. स्त्रियांत 56, पुरुषांत 53, आणि उंबरठा फारसा न ओलांडलेल्या सत्तरीपुढच्यांत 49. त्याहून नवलाची गोष्ट ही, की प्रतिपिंडे सापडलेल्यांपैकी पाऊण हिश्शाहून अधिक जणांना आपल्याला संसर्ग होऊन गेल्याची वार्ताही नव्हती. जबानी आणि दप्तर यांत एवढी तफावत महसूल खात्यात निघती, तर चौकशी बसली असती. येथे कोणी खोटे बोललेलेच नव्हते.

काकूंना मी हे वाचून दाखवले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "गणपतीत दोन दिवस फोडणीचा वास येईना खरा. मी वाण्याशी हिंगावरून भांडून आले होते."