परसांतील हौदाशेजारीं कोणतीं झाडें लावावीं?

परसांतील हौदाचें पाणी हिरवें पडलें कीं आपण हौद उपसतों. आठ दिवसांनीं स्थिति पूर्ववत्. याचा उपाय हौदाशेजारीं आहे. तेथें हातभर खोल गिट्टीचा पक्का वाफा करून लहान पंपानें पाणी त्यांतून खेळवावें. गिट्टीवरील सूक्ष्म जंतु घाण कुजवितात, झाडें तिचें खत शोषितात, व शेवाळ उपाशी राहतें.

झाडाची कसोटी एकच: मुळें बारमास ओलीं राहूनही तें तगावें, आणि वर्धेच्या ४५ अंशांच्या उन्हांत पानें करपलीं तरी कंदापासून पुनः फुटावें. कर्दळ व अळू या कसोटीस उतरतात. सावली असल्यास वेखंडही. पाणकणीस जोमदार खरें, परंतु लहान वाफा गिळून टाकतें.

आम्हीं प्रथम फुलास भुलून जलपर्णी आणिली. एका पावसाळ्यांत तिनें हौद झांकला व मासे गुदमरून मेले. ती व बेशरम वर्ज्य समजावीं.

वाफ्यांत काळी माती घालूं नये. ती फुगून फटी बुजविते. पाणी गिट्टीच्या दोन बोटें खालीं ठेवावें, म्हणजे डांस होत नाहींत. वाढलेलीं पानें वेळोवेळीं कापून खताच्या खड्ड्यांत टाकावीं. तीं तेथेंच कुजलीं तर घाण पुनः हौदांतच येते. कापलीं तर तीच शेताच्या कामीं येते.