खटका, सेल आणि मग उजेड

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर टॉर्च मागितली की दुकानदार आधी ती छताकडे रोखून लावून दाखवतो. भर दुपारी छतावर पांढराशुभ्र गोळा उमटतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि पाकीट बाहेर निघतं. रोज खिशात बाळगायच्या टॉर्चची यापेक्षा कुचकामी परीक्षा नसेल. पहिल्या दिवशी छतावरचा गोळा सगळ्यांचाच झकास पडतो. तिसऱ्या पावसाळ्यात, रात्री दीड वाजता जिन्यातली वीज गेल्यावर ती लागते का, हे बघायला हवं. आणि ते ठरतं खटक्यावर आणि सेलवर. उजेडाचा नंबर त्यानंतर.

पूर्वी असं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या डेव्हिड मिसेल या इंग्रज माणसाला हातात धरायच्या विजेच्या दिव्याचं पेटंट १० जानेवारी १८९९ रोजी मिळालं. कागद आणि फायबरची नळी, तिच्यात एकामागे एक बसवलेले सेल, टोकाला बल्ब आणि त्यामागे पितळी परावर्तक. पेटंट ज्या कंपनीकडे होतं तिचा मालक कॉनराड ह्यूबर्ट, म्हणजे मूळचा मिन्स्कचा अकिबा होरोविट्झ. त्या वेळचे सेल अशक्त आणि बल्बमधली कार्बनची तार खादाड, त्यामुळे दिवा सलग लावून ठेवताच येत नसे. क्षणभर लावायचा, बघायचं, बंद करायचा. याच कंपनीतून पुढे एव्हरेडी हे नाव घडलं. १९०५पासून तिचे सेल आपल्याकडे आयात होऊन विकले जाऊ लागले आणि नंतर इथे कारखाने आले. आजोबांच्या उशाशी असायची ती चकचकीत, जड बॅटरी बहुधा याच घराण्यातली. एव्हरेडीची ही भारतीय कंपनी बरीच वर्षं युनियन कार्बाइड या नावाने चालली. भोपाळचा कारखानाही तिचाच. घराघरात लाल सेल आणि भोपाळमध्ये वायुगळतीची ती डिसेंबरची रात्र, दोन्ही एकाच नावाखाली. हे आज फार कुणाच्या लक्षात नसतं.

त्या बॅटरीचा कच्चा दुवा बल्ब होता. पडली की तार तुटायची, म्हणून शहाणी माणसं मागच्या झाकणात एक जादा बल्ब जपून ठेवत. १९९३मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी प्रखर निळा एलईडी साधला, तीनेक वर्षांत त्यावर पिवळं फॉस्फर चढवून पांढरा उजेड बाजारात आला आणि बल्बची चिंता मिटली. निळ्या एलईडीसाठी २०१४मध्ये आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना नोबेल मिळालं. एलईडी हजारो तास जळतो. टॉर्चचं बाकी सगळं मोडेल, तोवर त्याला काही होत नाही. म्हणजे बिघाडाची जागा पुढून मागे सरकली. टॉर्च विकत घेताना मात्र आपण अजूनही पुढूनच बघतो.

तेव्हा मागचं झाकण उघडा. स्प्रिंग दिसेल. ती जाड आहे का, दाबल्यावर सरळ परत येते का, झाकणाच्या मधोमध बसली आहे का हे बघा. आट्यांवर बोट फिरवा. स्वस्त मालात आटे कोरडे आणि धारदार असतात, झाकण वाकडं बसतं आणि फिरवताना कचकच वाजतं. चांगल्या टॉर्चचे आटे गुळगुळीत असतात, त्यांना हलकं ग्रीस लावलेलं असतं आणि खाली रबरी कडी असते. सेलपासून एलईडीपर्यंतचा अर्धा रस्ता या धातूच्या नळीतूनच जातो, त्यामुळे आट्यांत किंवा नळीच्या कडेवर मळ साचला की उजेड थरथरतो. हातावर आपटल्यावर सुरू होणाऱ्या बॅटऱ्या बहुतेक वेळा याच दुखण्याच्या असतात. स्वच्छ कापड आणि थोडं स्पिरिट एवढ्यावर बऱ्या होतात, पण सवय पडलेली माणसं आपटतच राहतात.

आता सेल. टॉर्च मारणारा खरा आजार म्हणजे गळणं. जुन्या झिंक-कार्बन सेलचा जस्ताचा डबाच वीज देताना खर्च होतो, पातळ होत जातो आणि एक दिवस फुटतो. अल्कलाइन सेल ताकदीचा, पण टॉर्चमध्ये विसरला की तोही सोडत नाही. त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळतं आणि स्प्रिंगवर पांढरी, केसाळ बुरशी आल्यासारखं दिसतं. ते अल्क असल्याने लिंबाच्या रसाचे किंवा व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकले की फसफसतं आणि सुटतं. जुन्या टूथब्रशने घासायचं, कापडाने पुसून पूर्ण वाळवायचं. हात आणि डोळे मात्र सांभाळून. स्प्रिंगचा मुलामा आतपर्यंत खाल्ला गेला असेल तर ती टॉर्च गेली असं समजा. आणि उतरलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा घालायची आपली जुनी युक्ती आता सोडायला हवी. ऊब मिळून थोडा जोर येतो खरा, पण गळण्याच्या बेताला आलेला सेलच आपण हौसेने परत आत कोंबत असतो.

रोजच्या वापराला माझी पसंती एका पेन्सिल सेलवर चालणाऱ्या टॉर्चला आहे. त्यात अल्कलाइन न घालता चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल घालावा. पूर्वी हे सेल ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्याच रिकामे व्हायचे. २००५मध्ये सान्योने एनेलूप आणला तेव्हापासून वर्षभर पडून राहिला तरी बहुतांश चार्ज शाबूत राहील असे सेल मिळू लागले. ते सहसा गळतही नाहीत. आणि वेळ आलीच तर एसटी स्टँडवरच्या टपरीत, वाडीवरच्या किराणा दुकानात साधा पेन्सिल सेल मिळतो. गाडीच्या कप्प्यात महिनोन्महिने पडून राहणाऱ्या टॉर्चसाठी चार्ज न होणारा दीड व्होल्टचा लिथियम पेन्सिल सेल उत्तम. महाग आहे, पण वजनाला हलका आणि उन्हात तापलेल्या गाडीतही तग धरणारा. गोंधळ एकाच ठिकाणी होतो. १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला पेन्सिल सेलसारखाच असतो, पण त्याचा दाब ३.७ व्होल्ट. टॉर्चवर तसं स्पष्ट छापलेलं नसेल तर तो घालू नये, आणि चुकूनही रिमोटमध्ये किंवा मुलांच्या खेळण्यात जाऊ देऊ नये.

ज्यांना जास्त उजेड लागतो त्यांच्यासाठी १८६५० हा सेल आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. बाजारातली निम्मी फसवणूक या सेलभोवती फिरते. त्यावर क्षमता म्हणून ९९०० एमएएच छापलेलं सर्रास दिसतं. नामांकित कंपन्यांचे चांगले सेल ३५००च्या आसपास असतात, फार तर थोडे वर. अस्सल सेलचं वजन ४५ ते ५० ग्रॅम भरतं, नकली बरेचदा त्याहून खूप हलका निघतो. सोनाराचा काटा लागत नाही, स्वयंपाकघरातला चालतो.

खोक्यावरचे दावे पारखायला एक सोपा हिशेब पुरतो. पेन्सिल सेलमध्ये साधारण अडीच वॉट-तास ऊर्जा असते, चांगल्या १८६५०मध्ये बारा. आजची नीट बनवलेली छोटी टॉर्च एका वॉटला ढोबळमानाने शंभर लुमेन (उजेडाचं एकक) देते. म्हणजे पेन्सिल सेलवर शंभर लुमेन अडीच तास, आणि १८६५०वर हजार लुमेन सव्वा तासाच्या आत-बाहेर. यापेक्षा फार मोठा आकडा दिसला की तो छापखान्यातला उजेड समजावा. शिवाय हजार लुमेन सव्वा तास सलग मिळतातच असं नाही, कारण ते दहा वॉट होतात आणि अंगठ्याएवढ्या धातूला दोन-तीन वॉटच्या वरची उष्णता फार वेळ हवेत सोडता येत नाही. हातात धरवत नाही इतकी तापण्याआधी टॉर्च स्वतःच उजेड कमी करते. तसं तिने करायलाच हवं.

अमेरिकेत २००९मध्ये एफएल-१ नावाचं मानक आलं. चांगल्या कंपन्या त्याप्रमाणे आकडे छापतात, पण ते वाचायची खुबी आहे. उजेड मोजायचा तो टॉर्च लावल्यानंतर अर्ध्या मिनिटाने. चालण्याचा काळ मोजायचा तो उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. त्यामुळे ‘हजार लुमेन, तीन तास’ लिहिलेली टॉर्च पहिली पाच मिनिटं हजार आणि उरलेला वेळ दोन-अडीचशे देत असली तरी नियमाने ती खोटं बोलत नाही. झोताचा पल्ला म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका, पाव लक्स उजेड जिथे पडतो ते अंतर. तेवढ्या उजेडात दोनशे मीटरवरचं झाड कळेल, झाडाखालचा माणूस कोण ते कळणार नाही. आपल्या पावसासाठी पाणी अडवण्याचा दर्जा आयपीएक्स-७ किंवा ८ बघावा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स-४ म्हणजे नुसते शिंतोडे, कोकणातल्या जुलैला ते पुरत नाही.

खटक्याचे मुख्यतः दोन प्रकार. मागच्या बाजूचा, टक् वाजणारा यांत्रिक खटका वीज खरोखर तोडतो. कडेचं मऊ बटण इलेक्ट्रॉनिक असतं: ते फक्त आतल्या चिपला निरोप देतं आणि चिप जागी राहण्यासाठी सेल सतत थोडा थोडा चाटत असते. चांगल्या बनावटीत हे चाटणं नगण्य, वाईटात दोन-तीन महिन्यांत सेल रिकामा. त्याहून त्रासाचं म्हणजे असलं बटण खिशात किल्ल्यांनी दाबलं जातं आणि ताकदीची टॉर्च पँटला भोक पाडू शकते. यावर उपाय सोपा आहे: मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवायचं. चांगल्या टॉर्चच्या आट्यांवर वीज न वाहणारा ॲनोडायझिंगचा थर असतो, त्यामुळे तेवढ्यानेच वीज तुटते. दुकानातच करून बघा. झाकण सैल करूनही टॉर्च लागली तर तो थर नाही, ही सोय नाही.

टाइप-सी चार्जिंगचीही एक परीक्षा दुकानातच घ्यावी. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावून बघायची. पुष्कळ स्वस्त टॉर्चमध्ये दोन क्षुल्लक रेझिस्टर वाचवलेले असतात आणि मग ती फक्त जुन्या, रुंद तोंडाच्या यूएसबी केबलनेच चार्ज होते. पैसे वाचले असतील दोन, पण आत अजून काय काय वाचवलं असेल याचा अंदाज येतो.

उजेडाबद्दल माझं मत जरा उलटं आहे: जास्तीत जास्त किती, यापेक्षा कमीत कमी किती ते विचारा. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पाचशे लुमेनचा एक फटका ती कमाई घालवतो. रात्री बाळाचं पांघरूण बघायला, गाडीत चावीचं भोक शोधायला एक लुमेनही पुष्कळ. जिन्याला दहा-पंधरा, पायवाटेला शंभर. मेमध्ये पुरुषवाडी-भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांनी तर सर्वांत मंद उजेड पायाशीच ठेवावा. झाडावर झोत मारला की काजव्यांचं लुकलुकणं बिघडतं. मोबाइलचा दिवा घरात ठीक, पण तो चहूकडे सांडतो, पाच-सहा पावलांपलीकडे काही दाखवत नाही आणि ज्या फोनवरून मदत मागायची त्याचीच बॅटरी खातो.

शेतीचा हिशेब वेगळा. बऱ्याच ठिकाणी शेतीपंपाला पाळीपाळीने वीज येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीला बांधावरून मोटारीपर्यंत जाणाऱ्याला मण्यार आणि घोणस दोन्ही भेटू शकतात. मण्यार काळी, अंगावर बारीक पांढरे पट्टे. घोणस पाचोळ्याच्या रंगाची. एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली. इथे दूरवर जाणारा बारीक झोत निरुपयोगी. पावलापुढची आठ-दहा फूट जमीन सारखी उजळणारा पसरट उजेड हवा आणि त्यात रंग ओळखू यायला हवेत. रंग किती खरे दिसतात त्याचा सीआरआय नावाचा आकडा असतो. स्वस्त निळसर एलईडीचा सत्तरच्या आसपास, चांगल्यांचा नव्वदच्या वर. नव्वदवाल्या उजेडात लाल वायर आणि तपकिरी वायर वेगळी दिसते, चिखल आणि रक्त वेगळं दिसतं. त्यासाठी थोडे लुमेन गेले तर जाऊ द्यावेत.

आई-वडिलांसाठी घेत असाल तर वरचं निम्मं विसरा. सात मोड, लुकलुकणारा एसओएस, दोनदा दाबा, तीनदा दाबा हे त्यांना नको असतं, आणि खरं म्हणजे आपल्यालाही नको असतं. त्यांना पुढे-मागे सरकणारा किंवा टक् वाजणारा मोठा खटका, दोन पेन्सिल सेल, एकच मध्यम उजेड आणि मनगटात अडकवायला दोरी असलेली टॉर्च द्या. ती पलंगाशेजारच्या खिळ्याला लटकवा, कपाटात नको. आणि दिवाळीच्या साफसफाईत भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलाल तेव्हा हिचेही बदला, उतरले नसले तरी.