अर्धा बर्थ, पूर्ण भाडं

चार्ट लागल्यानंतरही आरएसीवाल्याला, म्हणजे अर्ध्या बर्थवर बसून जाणाऱ्याला, पूर्ण बर्थ मिळाला नाही, तर त्याच्याकडून पूर्ण भाडं घेणं योग्य नाही, असं संसदेच्या लोकलेखा समितीनं रेल्वेला सुनावलं आहे. भाड्याचा काही भाग परत देण्याची सोय करा, ही तिची शिफारस. बातमी दिल्लीची, पण ती वाचताना सोलापूरकरांना सिद्धेश्वर एक्स्प्रेसच आठवली असणार.

रात्री निघून सकाळी मुंबईत सोडणारी ही गाडी व्यापाऱ्यांची, मंत्रालयात हेलपाटे घालणाऱ्यांची, टाटा रुग्णालयात तारीख मिळालेल्यांची. स्लीपरच्या डब्यात 7, 15, 23 हे साइड लोअर बर्थ आरएसीत जातात. दोन अनोळखी माणसं समोरासमोर, पायाशी पिशव्या. कुर्डुवाडी येते तरी पाय आधी कुणी पसरायचे, हे ठरत नाही. टीसी दिसला की दोघंही एकदमच विचारतात, “साहेब, काही जमेल का?” भाडं मात्र दोघांनीही झोपायच्या जागेचंच भरलेलं असतं.

वेटिंगवाल्याची गत याहून वाईट. चार्ट लागला की ऑनलाइन काढलेलं त्याचं तिकीट आपोआप रद्द होतं आणि स्लीपरच्या प्रत्येक प्रवाशामागे 60 रुपये कापले जातात. शिवाय तिकीट काढताना दिलेलं सुविधा शुल्क परत मिळत नाही. यूपीआयनं पैसे भरले असतील तर ते 10 रुपये आणि वर जीएसटी. म्हणजे चौघांच्या कुटुंबानं, प्रवास न करता, अडीचशे रुपयांवर पाणी सोडायचं. जागा रेल्वे देऊ शकली नाही आणि दंड प्रवाशाला! 2021 पासून जानेवारी 2024 पर्यंत रद्द झालेल्या वेटिंग तिकिटांतून रेल्वेला सुमारे 1,229 कोटी रुपये मिळाले, ही माहिती अधिकारात बाहेर आलेली गोष्ट आहे.

बाकीचे नियम कागदावर तरी प्रवाशाच्या बाजूचे आहेत. गाडी 3 तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचं नसेल, तर पूर्ण पैसे परत. मात्र गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायला हवा. एसी बंद पडला, तर एसी आणि बिगर-एसी भाड्यातला फरक मिळतो. त्यासाठी उतरल्यावर 20 तासांची मुदत. वरच्या वर्गाचं तिकीट असून खालच्या वर्गात बसवलं, तरी फरक मिळतो. पण एसी बंद होता, डबा बदलला, हे सिद्ध करायला टीसीचा दाखला लागतो. मध्यरात्र उलटल्यावर दौंडच्या पुढे टीसीला शोधत डबे पालथे घालायचे कुणी? म्हाताऱ्या आईला घेऊन निघालेला माणूस हे करत नाही. तो निमूटपणे सहन करतो.

जो सहन करत नाही, त्याला काय भोगावं लागतं? राजस्थानातल्या कोट्याच्या एका अभियंत्यानं 2 जुलै 2017 चं तिकीट जीएसटी लागू होण्याआधीच रद्द केलं होतं. तरी 35 रुपये सेवाकर कापला गेला. तो माहिती अधिकाराचे अर्ज करत राहिला. 2019 मध्ये 33 रुपये आले. उरलेल्या 2 रुपयांसाठी 2022 उजाडलं. याच पाठपुराव्यामुळे आणखी 2.98 लाख ग्राहकांना पैसे परत देण्याचं ठरलं. त्याच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडीच. पण हक्काच्या पैशासाठी पाच वर्षं झगडावं लागतं, ही काही व्यवस्था नव्हे.

गाडीच रद्द झाली, तर ई-तिकिटाचे पैसे अर्ज न करता खात्यात जमा होतात. म्हणजे यंत्रणा आहे. कोणता आरएसीवाला शेवटपर्यंत बसूनच गेला, याची नोंदही टीसीच्या हातातल्या यंत्रात असते. मग अर्ध्या बर्थचे पैसे आपोआप का परत जाऊ नयेत? समितीची शिफारस मानायची, तर रेल्वेनं नवा फॉर्म काढू नये. फॉर्म आला की मुदत येते, मुदतीमागून दाखला येतो आणि पैसे रेल्वेकडेच राहतात.