सात पक्ष्यांच्या काळजातली नोंद

१९५४ चा वसंत. नेपाळात मकालू शिखराच्या पायथ्याशी, बरुण हिमनदीच्या काठावर लॉरेन्स स्वान नावाचा अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रात्री तंबूबाहेर उभा होता. त्याचा जन्म दार्जिलिंगचा, आईवडील मिशनरी. हिमालय त्याला परका नव्हता. कॅलिफोर्नियाच्या गिर्यारोहकांबरोबर तो इतक्या उंचीवर कोणते जीव तग धरतात ते पाहायला आला होता. मोहिमेला शिखर काही साधलं नाही, पण त्या रात्री स्वानच्या हाती वेगळंच काही लागलं. दक्षिणेकडून एक बारीक गुणगुण आली, हळूहळू स्पष्ट झाली आणि मग थेट डोक्यावर, चांदण्यांच्याही वरून यावा तसा, हंसांचा कलकलाट ऐकू आला. पक्षी एकही दिसला नाही. थवा उत्तरेला निघून गेला.

स्वान उभा होता ती जागाच जवळजवळ पाच हजार मीटरवर होती. समोर मकालूचा ८,४८५ मीटरचा कडा. तिथे माणसाला चार पावलं चालून दम खावा लागतो, आणि हे पक्षी पंख मारत, वर एकमेकांना हाका घालत चालले होते. ओरडायला श्वास उरतो कुठून? हा प्रश्न त्याने पुढे वर्षानुवर्षं बाळगला आणि १९७० मध्ये एका लेखात जगापुढे मांडला. एव्हरेस्ट मोहिमेतल्या गिर्यारोहकांकडून शिखरावरून हंस गेल्याच्या गोष्टी निघतच होत्या. बघता बघता या पक्ष्याची कीर्ती झाली: हा एव्हरेस्टवरून उडतो.

तो पक्षी म्हणजे पट्टकादंब. आपल्याकडे त्याला सरळ राजहंस म्हणतात. राखी अंग, पांढरं डोकं, डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, चोच आणि पाय पिवळसर नारिंगी. मंगोलिया, तिबेट, चीनचं छिंगहाय सरोवर, आपलं लडाख, अशा थंड आणि उंच प्रदेशांतल्या तळ्यांकाठी तो पिलं वाढवतो. तिथलं पाणी गोठायला लागलं की दक्षिणेची वाट धरतो. त्याच्या हिवाळी मुक्कामांपैकी एक आहे साताऱ्यातला खटाव तालुका. येरळा नदीवरचं येरळवाडीचं धरण आणि चांद नदी अडवून ब्रिटिश अमदानीत बांधलेला मायणीचा तलाव या दोन्ही ठिकाणी तो येतो. ही येरळा पुढे सांगली जिल्ह्यात शिरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते.

पावसाने पाठ फिरवलेला हा मुलूख. त्यात उथळ पाण्याचे हे तुकडे. पाणी मागे हटलं की मोकळ्या गाळावर गाळपेर होते, वरच्या रानात शाळू आणि हरभरा उभा असतो. दिवसभर पाण्यावर आणि काठाच्या चिखलात पेंगणारे हे हंस दिवेलागणीला उठतात आणि रात्रभर कोवळं पीक खुडतात. सकाळी बांधावर गेलं तर शेंडे कातरल्यासारखे दिसतात, खाली हिरवट लेंड्यांचा सडा. शेतकऱ्याला ते आवडत नाही आणि त्याचं चूकही नाही. पण पुढे जे सांगायचं आहे ते याच हरभऱ्याच्या जोरावर घडतं. उत्तरेकडची उडी घ्यायची तर अंगावर चरबी हवी, आणि ती इथे चढते.

स्वानच्या प्रश्नाचा पाठलाग आधी प्रयोगशाळेत झाला. १९८० मध्ये ब्लॅक आणि टेनी या संशोधकांनी पट्टकादंबाला बंद कोठीत ठेवून आतला प्राणवायू टप्प्याटप्प्याने कमी केला. एव्हरेस्टच्याही वर असते तितकी विरळ हवा झाली तरी पक्षी शुद्धीवर होता. सोबत तपासलेल्या पाळीव बदकाने त्याच्या आधीच हार मानली. मग रक्ताची चौकशी सुरू झाली. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत अमिनो आम्लांचे १४१ दुवे असतात. सपाटीवरच्या त्याच्या जवळच्या भाऊबंदांत ११९ व्या जागी प्रोलीन असतं, पट्टकादंबात तिथे अॅलनीन. हिमोग्लोबिनची रचना उलगडल्याबद्दल नोबेल मिळवलेल्या मॅक्स पेरुत्झ यांनी १९८३ मध्ये असा अंदाज मांडला की या एका बदलाने रेणूतली एक पकड सैल होते आणि तो प्राणवायू अधिक आतुरतेने धरतो. १९९१ मध्ये माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये तसाच बदल घडवून पाहिला, तर त्याचीही प्राणवायूची ओढ वाढली. पुढे असे आणखी बदलही सापडले.

पण कोठीत शांत बसलेला पक्षी आणि हिमालयावर पंख मारणारा पक्षी यांत जमीन-अस्मानाचा फरक. खरी उड्डाणाची उंची कुणी मोजलीच नव्हती.

ती मोजायची वेळ एका आपत्तीने आणली. २००५ मध्ये छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लू पसरला आणि सहा हजारांहून अधिक पाणपक्षी मेले. त्यांत सर्वांत मोठा वाटा पट्टकादंबांचा होता. रोग पक्ष्यांबरोबर कुठवर जातो हे कळण्याची निकड एकाएकी निर्माण झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्यात पुढाकार घेतला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एस. बालचंद्रन यांच्यासारखे आयुष्यभर पक्ष्यांच्या पायांत वाळी घातलेले संशोधक कामाला लागले. ओडिशाचं चिलिका, तमिळनाडूचं कुंथनकुलम आणि मंगोलियातली तळी इथल्या हंसांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसली. रोगाच्या शोधात निघालेल्यांनी स्वानच्या प्रश्नाचं दार असं उघडलं.

२०११ मध्ये लुसी हॉक्स, चार्ल्स बिशप आणि सहकाऱ्यांचा पहिला मोठा निष्कर्ष आला आणि तो सगळ्या अंदाजांच्या उलटा निघाला. दुपारी हिमालयाच्या उतारांवरून जोराचे वारे वर चढतात. कुणीही म्हणेल, पक्षी त्या वाऱ्यावर स्वार होत असणार. तो वारा पट्टकादंब सोडून देतात. ते रात्री आणि पहाटे उडतात, जेव्हा वारा पडलेला किंवा किंचित उलटा असतो. गार हवा दाट असते, तिच्यात पंखाला आधार जास्त, प्राणवायूही थोडा जास्त, शिवाय वादळाचा धोका कमी. उत्तरेकडची चढण ते साताठ तासांत पार करतात, तीही निव्वळ स्वतःच्या पंखांच्या बळावर. स्वानने आवाज रात्रीच का ऐकला, याचा उलगडा अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर झाला.

आणि एव्हरेस्ट? २०१३ मध्ये ९१ पक्ष्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सर्वांत उंच नोंद ७,२९० मीटरची, तीही थोड्या वेळापुरती. बहुतेक पक्षी सहा हजारांच्या खालीच होते. ते खिंडी आणि खोरी धरून चालले होते. आख्यायिका हरली खरी, पण तिच्या जागी आलेलं सत्य मला जास्त भव्य वाटतं.

ते सत्य सात पक्ष्यांच्या काळजात नोंदलं गेलं. उन्हाळ्यात हंसांची पिसं गळतात, काही आठवडे त्यांना उडता येत नाही. त्या दिवसांत मंगोलियातल्या तेरखीन त्सागान सरोवरावर काही हंस घेरून पकडले आणि त्यांच्या शरीरात हृदयाचे ठोके, हालचाल आणि हवेचा दाब टिपणारी छोटी यंत्रं शस्त्रक्रियेने बसवली. मग पक्षी सोडून दिले. ही यंत्रं उपग्रहाशी बोलत नव्हती. तोच हंस दक्षिणेला जाऊन, हिवाळा काढून, शिकारी आणि रोगांतून वाचून पुढच्या उन्हाळ्यात त्याच तळ्यावर परतला आणि पुन्हा हाती लागला, तरच नोंद मिळणार. वर्षभर वाट पाहण्याशिवाय इलाज नव्हता. अखेर सात पक्ष्यांच्या स्थलांतराची ३९१ तासांची नोंद हाती आली. २०१५ मध्ये ती ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आली.

समज असा होता की एकदा उंची गाठली की पक्षी तिथेच राहत असेल. कमावलेली उंची कोण घालवील? पट्टकादंब ती घालवतो. डोंगर चढला की तो चढतो, दरी आली की खाली उतरतो, पुढचा डोंगर आला की पुन्हा चढतो. एका हंसाने पंधरा तासांच्या प्रवासात मिळून ६,३४० मीटर चढण केली आणि पदरात पडलेली निव्वळ उंची १,३९० मीटर. हे वेडेपण वाटतं, पण आकडे काढले तेव्हा ते शहाणपण निघालं. विरळ हवेत पंखाला आधार कमी, म्हणून पंख जास्त वेगाने मारावे लागतात. आणि पंखांची गती पाचच टक्के वाढली की हृदयाची सुमारे १९ टक्क्यांनी वाढते. वर टिकून राहण्यापेक्षा दाट हवेत उतरून पुन्हा चढणं स्वस्त पडतं. त्या सगळ्या प्रवासात हृदयाचे ठोके सरासरी मिनिटाला ३२८ होते. छाती फुटेस्तोवर झुंजणारा पक्षी शोधायला गेलेल्यांना काटकसरीने, सांभाळून श्वास खर्च करणारा पक्षी भेटला.

तरीही गरज पडली तर तो आणखी वर जाऊ शकतो का? हे संशोधक जेसिका मीर हिने पाहिलं. अंड्यातून निघालेल्या पिलांना तिने पहिल्या क्षणापासून सोबत दिली. पिलं तिलाच आई समजून मागे मागे फिरू लागली. मग कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या वातबोगद्यात, तोंडावर मुखवटा चढवून, तिने त्यांना उडवलं. मुखवट्यातली हवा एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या हवेइतकी विरळ केली तरी काही हंस उडत राहिले. हृदयाची गती फारशी वाढली नाही, शरीराने ऊर्जेचा खर्च कमी केला आणि फुप्फुसांकडे परतणारं रक्त थंड झालं. थंड रक्त प्राणवायू अधिक धरतं. हे संशोधन २०१९ मध्ये छापून आलं तेव्हा मीर नासाची अंतराळवीर झालेली होती. त्याच वर्षी क्रिस्टिना कोखबरोबर ती केवळ स्त्रियांनी केलेल्या पहिल्या अंतराळचालीतही होती.

  येरळवाडीला जाल तेव्हा हे हंस लांबूनच पाहावेत. मायणी परिसरातल्या या तलावांना २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण तेव्हा थवे परतीच्या तयारीत असतात. फोटोसाठी कुणी गाडी थेट पाण्यापर्यंत नेली की सगळा थवा एकदम उठतो, आणि जमिनीवरून उठायला इतक्या जड पक्ष्याला फार ताकद लागते. ती त्याने हरभऱ्यावर रात्री जागून जमवलेली असते. गाडी बांधापलीकडेच थांबवावी, दुर्बीण सोबत घ्यावी.