आधी पूर्ण ऐकून घ्या

डॉक्टर चांगला की नाही, हे रुग्ण कशावरून ठरवतो? पदवी किंवा यंत्रसामग्री यांची पारख त्याला सहसा करता येत नाही. आपलं म्हणणं नीट ऐकून घेतलं का आणि काय झालंय ते आपल्याला समजेल असं सांगितलं का, एवढं मात्र त्याला नक्की कळतं. ही कसोटी भाबडी वाटते, पण वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही ती चुकीची नाही. निदानाचा मोठा भाग रुग्णाच्या हकिगतीतूनच हाती येतो आणि नेमकी ती हकिगतच अर्ध्यावर तुटते. अमेरिकेत हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी ७४ भेटींचा अभ्यास करून १९८४ साली तो प्रसिद्ध केला. डॉक्टरांनी रुग्णांना सरासरी १८ सेकंदांतच मध्ये अडवलं होतं. रुग्ण सर्वांत आधी सांगतो ती तक्रार सर्वांत गंभीर असतेच असं नाही. पित्ताचं औषध मागायला आलेला माणूस ‘जिना चढताना धाप लागते’ हे चौथ्या वाक्यात सांगतो. ते वाक्य निसटलं, तर हृदयाचा आजारही निसटू शकतो.

यावर डॉक्टरांचं म्हणणं असतं, की बाहेर एवढी रांग असताना प्रत्येकाचं पुराण ऐकत बसायचं कसं? पण हे पुराण वाटतं तेवढं लांबत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या बाह्यरुग्ण विभागात ३३५ रुग्णांना न अडवता बोलू दिलं, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंदांत थांबले. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलणारे फक्त सात निघाले आणि त्यांची माहितीही डॉक्टरांना महत्त्वाचीच वाटली. आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या ओपीडीत दीड मिनिटही महाग असतं, हे खरं. तिथे निदान पहिल्या भेटीत तरी हकिगत पूर्ण ऐकली जावी, वाटल्यास ती इंटर्नने किंवा परिचारिकेने आधी लिहून घ्यावी. रुग्णसंख्येच्या मानाने डॉक्टर कमी असणं हा व्यवस्थेचा दोष आहे; त्यामुळे ऐकण्याचं मोल कमी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रुग्णाला आवडतं ते त्याच्या हिताचं असतंच का? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सर्वाधिक समाधानी रुग्णांचा औषधांवरचा खर्च जास्त होता आणि त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त आढळलं. आपल्याकडेही अशक्तपणाला सलाईन आणि तापाला इंजेक्शन मागणारे कमी नाहीत. पण मागेल ते देणं आणि म्हणणं ऐकून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट नकार द्यायचा, तर ऐकण्याची गरज अधिकच असते. साध्या सर्दीला अँटिबायोटिक नको, हे न्यूमोनियाची धास्ती घेतलेल्या आईला पटवायचं, तर आधी ती धास्ती कळायला हवी. ती न विचारता दिलेला नकार तिला दुसऱ्या दवाखान्यात पाठवतो आणि तिथे अँटिबायोटिक मिळतंच. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादाचा समावेश झाला आहे. पण तो केवळ शिष्टाचार म्हणून शिकवला, तर फारसं साधणार नाही. स्टेथोस्कोप लावायला शिकवतात तितक्याच काटेकोरपणे ऐकायलाही शिकवायला हवं, कारण दोन्हींचं काम एकच आहे: आजार शोधणं.